मागे बघ, ताइस्तो

आमच्या आइस हॉकी क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली आणि आमच्या सेक्रेटरी ऐलाबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. १९८६-८७चा हंगाम लहान मुलांना समजावून सांगायचा. रविवारी सकाळी, रिंकच्या कॅन्टीनमध्ये, चाळीस मिनिटांत. आणि सांगणार कोण, तर मी, आउलिस. कारण त्या संघातले जे अजून हयात आहेत, त्यांच्यात बोलायची सगळ्यात जास्त हौस मला. शिवाय पुढच्या शनिवारी माझी अकरा नंबरची जर्सी रिंकच्या छताला टांगायची होती. माणूस धडधाकट असताना त्याचे कपडे टांगायचा मान आमच्या खेळातच मिळतो.

बोलायला माझी ना नव्हती. फक्त त्या हंगामाच्या गोष्टीतलं एक वाक्य मी अडतीस वर्षं गाळत आलोय. ते बाहेर पडलं तर माझी जर्सी छताला नाही, फरशी पुसायला लागेल.

वीसेक पोरं होती, दहा-दहा वर्षांची, प्रत्येकाच्या हातात दालचिनीचा बन. पुढे बसली होती हिल्पा, ताइस्तोची नात. पाठीवर चार नंबर, आजोबांचा. ऐलाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या की तिला तो नंबर परत करायचाय, कारण तिच्याकडे चकती आली (आमच्या हॉकीत चेंडू नसतो, रबराची चकती असते) की संघातली पोरं ओरडतात, "मागे बघ!" मी म्हटलं, पोरं आहेत, चालायचंच. मला म्हणायला काय जातंय!

तर मुलांनो, म्हटलं, आपल्या संघाला तळ्यातल्या दातेरी माशाचं नाव आहे, कारण संघातल्या कोणालाच पुढचे दात नव्हते. त्या वर्षी आपण पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये गेलो आणि व्यावसायिक झालो. व्यावसायिक म्हणजे काय? आधी आपण फुकट हरायचो, आता पगार घेऊन हरायला लागलो. ऑक्टोबरात हरलो तेव्हा कोच म्हणाले, संघ नवा आहे. डिसेंबरात म्हणाले, बर्फ मऊ आहे. फेब्रुवारीत काहीच म्हणाले नाहीत, कारण तोवर कोच बदलला होता. नवा कोच आला तो लाकडाच्या वखारीतून. त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याच्या हाताखाली आम्ही पाच सामने जिंकलो. याचा अर्थ काय ते मला विचारू नका.

मुलं हसली. मीही रंगात आलो.

मार्चमध्ये शेवटचा सामना. जिंकलो किंवा बरोबरी केली तर मोठ्या लीगमध्ये राहणार, हरलो तर खाली. तीन मिनिटं उरली होती, दोन-दोन. तेवढ्यात त्यांच्या एकाने आमच्या माणसाला काठीने अडकवलं. पंचाने हात वर केला, पण शिट्टी वाजवली नाही. चकती आपल्याकडे असेपर्यंत खेळ चालू राहतो आणि त्यांच्या कोणी तिला नुसता स्पर्श केला की शिट्टी. म्हणजे ते गोल करूच शकत नाहीत. मग आपला गोलकीपर काय करतो?

"बाकाकडे पळतो," सगळी एका सुरात म्हणाली. "आणि सहावा खेळाडू येतो."

शाबास. आपला गोल मोकळा, आणि तरी धोका शून्य. जगात फक्त एकच संघ आपल्यावर गोल करू शकतो. कोणता?

"आपणच," हिल्पा म्हणाली. ती हसली नाही.

ताइस्तो त्यांच्या गोलमागच्या कोपऱ्यात चकती घेऊन उभा होता. त्याने न बघता मागे, त्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेकडे पास दिला. तिथे कोणी नव्हतं. चकती आरामात, रविवारी फिरायला निघाल्यासारखी, अख्खं मैदान ओलांडून आपल्याच मोकळ्या गोलमध्ये गेली. बर्फावरचे सगळे मागे धावले, पोचलं कोणीच नाही. आपण खाली गेलो, ते आजतागायत खालीच.

तेव्हापासून ताइस्तो या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवतो. दर मध्यंतरात तो गाडी घेऊन बाहेर आला की अख्खं गाव ओरडतं, "मागे बघ, ताइस्तो!" आम्ही याला प्रेम म्हणतो. आणि ताइस्तो खरंच मागे बघतो, दर वेळी, हात हलवतो. त्या वसंतात तो शहरात जाऊन कान तपासून आला होता. कान ठणठणीत निघाले. त्यावरही गाव वर्षभर हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी.

इथे माझी गोष्ट संपते आणि लोक टाळ्या वाजवतात. हिल्पाने हात वर केला.

"काठी कोणी आपटली?"

मी म्हटलं, कसली काठी.

"आमच्या कोच सांगतात, मागे पास द्यायचा तर बघायची गरज नाही, पण काठीचा आवाज ऐकल्याशिवाय द्यायचा नाही. ज्याला चकती हवी तो बर्फावर काठी आपटतो. आजोबाही मला तेच शिकवतात. मग त्यांनी आवाज न ऐकता पास कसा दिला?"

कार्टी हुशार होती. मी म्हटलं, प्रेक्षकांचा गोंगाट फार होता, त्याला भास झाला असेल. हेच मी १९८७ साली पेपरवाल्यांना सांगितलं होतं. ताइस्तोने कपडे बदलायच्या खोलीत रडवेल्या तोंडाने विचारलं, "आउलिस, तू काठी आपटलीस ना?" तेव्हा त्यालाही हेच सांगितलं होतं. मी तर बाकावर होतो, म्हटलं. तेही खरंच होतं. मी बाकावर होतो.

हिल्पाने मान हलवली आणि जर्सीची बाही ओढत हळूच म्हणाली, "म्हणजे आजोबा वेंधळेच होते." मग ऐलाबाईंकडे वळली. "मला दुसरा नंबर द्या."

आता खरं सांगतो, मला राग आला. तिचा नाही. ज्या माणसाने मला अचूक पास कसा द्यायचा ते शिकवलं, त्याला त्याची नात माझ्यामुळे वेंधळा म्हणत होती, आणि मी तिथे बन खात बसलो होतो.

"थांब," मी म्हटलं. "काठी मी आपटली."

ऐलाबाईंचा कॉफी ओतणारा हात थबकला.

मग गाळलेलं सगळं सांगितलं. निळ्या रेषेवर मी होतो. विजयी गोल मला मारायचा होता, उद्याच्या पेपरात माझा फोटो हवा होता. मी काठी आपटली. ताइस्तो नीट संधी बघत होता, पास लगेच आला नाही. माझं डोकं फिरलं. गेला उडत, म्हटलं, आणि तणतणत बदली घ्यायला बाकावर चढलो. त्याच क्षणी त्याने पास दिला, अगदी मी उभा होतो तिथे. तसा सरळ पास मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" एका पोराने विचारलं. मी म्हटलं, घाबरलो होतो, आणि नंतर सवय झाली.

मुलं माझ्या पाठीमागे बघत होती म्हणून मीही मागे बघितलं. दारात ताइस्तो उभा होता. हातात थर्मास, बुटांवर बर्फाचा चुरा. रोज या वेळेला तो कॉफी भरून घ्यायला येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मी उठलो. शनिवारच्या जर्सीचं काहीतरी बोलायला लागलो, ती टांगू नका, किंवा चार नंबरची टांगा, असं काहीतरी. त्याने हातानेच मला थांबवलं.

"किती वेळा आपटलीस?"

"दोनदा."

ताइस्तोने थर्मासचं झाकण उघडलं.

"दोनदा," तो म्हणाला. "मी त्या कानाच्या डॉक्टरला हेच सांगत होतो."