शेवटचं पान

नानांचं वाचून झालं होतं. कादंबरीचं शेवटचं पान गठ्ठ्यावर पालथं पडलं होतं, त्यावर चष्मा. आणि नानांचा चेहरा आडातल्या पाण्यासारखा, तळाशी काय हललं ते वर कळू न देणारा. ज्ञानेश्वरी खांबाला टेकून वडिलांच्या बोटांकडे पाहत होती. शहरातल्या सावेडीहून सकाळच्या एसटीने कर्जतला आणि तिथून गावात ती एवढ्यासाठीच आली होती. प्रकाशकाला उद्या अंतिम मजकूर द्यायचा होता, आणि नानांच्या होकाराशिवाय तो तिच्या हातून सुटणार नव्हता.

कारण गोष्ट मुळात नानांची. गावच्या यात्रेत दरवर्षी एकच जुनी शोकांतिका उभी राही. दुष्काळात राजा धान्याचं कोठार बंद करतो, त्याची लेक ते उपाशी रयतेसाठी उघडते, राजा तिला देहदंड सुनावतो, आणि माफीचा निरोप पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. राजा नेहमी नानाच. राजकन्या होणाऱ्या पोराला एका वर्षी गालगुंड झालं, तेव्हा शाळकरी ज्ञानेश्वरी राजकन्या होऊन नानांच्या हातांवर मेली. बापाच्या छातीतली धडधड कानाशी घेऊन मेलेलं असणं तिने पुढे कवितेत शोधलं, सापडलं नाही. म्हणून ही कादंबरी. तिच्यात राजाचा सरपंच झाला होता, कोठाराची पाण्याची टाकी. आणि टाकीचं कुलूप तोडणारी लेक बापाच्या माणसांच्या पाठलागात शिडीवरून कोसळून शेवटच्या ओळीत निपचित पडत होती.

ज्ञानेश्वरीच्या आईने, लंकाबाईंनी चहा आणला. "आवं, बोला की. पोरगी परीक्षेला बसल्यावानी बसलीय."

"तू गप. तुला काय कळतंय नाटकातलं?"

"इतकी वरसं तुमची दाढी कुनी चिकटवली? मला न्हाई कळत व्हय!" त्या लेकीकडे वळल्या. "तू धाडलेलं परवाच वाचून झालं हुतं त्यांचं. तवापासनं धड जेवले न्हाईत. आज परत वाचलं, शेवट बदलला असंल म्हून."

नाना ओशाळले. "सरपंच झ्याक उतरलाय. लई माजोरी. माज्यावरनंच घेतला ना?"

"नाही हो, नाना."

"घे की, लाजतीस काय!" मग आवाज खाली गेला. "पर ज्ञाने, गूळ कुठाय?"

ती जे टाळत होती ते हेच. यात्रेत पडदा पडून नाटक संपत नसे. तो पुन्हा वर जाई, राजा मेलेल्या लेकीच्या तोंडात गुळाचा खडा घाली, ती उठून बसे आणि सगळं गाव "उठली, उठली!" असा गलका करी. खोटं मरणसुद्धा कुणाच्या अंगावर ठेवायचं नाही, असा रिवाज. तोवर बघणाऱ्यांतलं कुणी घोंगडं झटकून उठत नसे.

"तो नाटकाचा भाग नाही, नाना. शोकांतिका मरणापाशीच थांबली पाहिजे. गूळ आला की मरण हलकं होतं."

"हलकं?" नानांनी कप खाली ठेवला. "त्या साली तुला उचलली, तवा तुजी मान माज्या दंडावरनं लोंबत हुती. नाटक हाय हे ठावं हुतं. तरी गूळ तोंडात जाईस्तोवर जीव थाऱ्यावर नव्हता माजा. तुज्या पुस्तकात ती तशीच पडून हाय. वाचनाऱ्यानं घरी जायचं कसं?"

"वाचणारा घरीच असतो, नाना."

 तिचं वाक्य तिलाच थिटं वाटलं. अंगणातली कोंबडी ओसरीवर चढली. लंकाबाईंनी तिला पदरानेच हुसकलं.

"बरं, घालते गूळ," ज्ञानेश्वरी हळू म्हणाली. "पण तो कुणी द्यायचा? सरपंचाने? ज्याने मारलं, त्यानेच उठवायचं? तेवढा हक्क त्याला उरतो का? तुम्ही तिला गूळ देताना काय वाटायचं, ते सांगा. मी तसंच लिहीन."

नानांनी चष्मा बाजूला केला. शेवटचं पान सुलटं केलं. सावेडीतल्या तिच्या संगणकात ते होतंच, हे त्यांनाही ठाऊक असावं. तरी त्या साली तिला घेतलं होतं तसं त्यांनी ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं, कोपरात किंचित वाकून, एका टोकाला डोकं असल्यासारखं दंडाशी सावरून. आणि ओसरीची पायरी उतरून, तिच्याकडे न पाहता, गुळाशिवाय ते खाली ठेवायचंच नसल्यासारखे गोठ्याच्या बाजूला चालू लागले.