दगडावरचे गाल

पेन्सिलीचं टोक दगडावर टेकलं होतं, पण रेघ निघत नव्हती. सुताराची चपटी पेन्सिल, चाकूने तासलेली. तिच्या टोकाखाली दगडाची पिवळट पूड जमली होती, आणि त्या पुडीकडे वेलिसाव इतका वेळ बघत राहिला की पेन्सिल आपल्याच हातात आहे हे त्याला खरं वाटेना. वर दादाचं जन्मसाल कोरून झालं होतं. खाली मरणसाल कोरायचं होतं. म्हणजे त्यातले पहिले दोन आकडे, एकोणीस. पुढची जागा मोकळी सोडायची.

जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड करून ठेवायचा, ही गावची रीत. बापानेही ठेवला होता. पितरांच्या दिवशी बाप त्याच दगडाला टेकून पाव खायचा, राकिया दारूचा पहिला थेंब मातीला द्यायचा, आणि एकदा लहानग्या वेलिसावने एकोणीसच्या पुढच्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवलं तेव्हा म्हणाला होता, "ढकलू नकोस रे मला." सगळे हसले होते... मी नव्हतो हसलो. माझं बोट कितीतरी वेळ गार पडलं होतं.

तेव्हा एकोणीस कोरताना कोणी विचार करत नसे. शतक संपेल असं कोणाच्या मनातच नव्हतं. आता दोन हजार साल सव्वा वर्षावर आलेलं, आणि कारागीर तेही दोन आकडे सोडून देऊ लागले होते. ज्याला पुढे जगायची आशा, त्याच्या दगडावर काहीच कोरायचं नाही. म्हणून तर पेन्सिल अडली होती. एकोणीस कोरलं तर दादाला सगळं कळेल. नाही कोरलं तर... तर दगड खोटा, आणि तो खोटेपणा माझ्या हातचा.

पोटात व्रण आहे, औषधाने भरेल, असं राडोयकोदादाला सांगितलं होतं. खरं काय ते शहरातल्या डॉक्टरने दाराबाहेर, वेलिसावला आणि वहिनीला सांगितलं: पुढचा वसंत दिसला तर नशीब. घरच्यांना सांगायचं, रोग्याला नाही — हीही इथली रीतच. परतीच्या बसमध्ये स्टामेनावहिनीने त्याचं मनगट धरून शपथ घातली होती, आणि तेव्हापासून ती अंगणाच्या कोपऱ्यात लाल मिरच्या भाजत होती. आजही भाजत होती. डोळ्यांतल्या पाण्याला धुराचं निमित्त पुरत होतं.

"एवढ्यात अख्खं चर्च रंगवून झालं असतं," राडोयको म्हणाला.

तो आलुबुखाराच्या झाडाखाली तिपाईवर ताठ बसला होता, टोपी सरळ, हात मांड्यांवर. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर फोटो उमटवून घ्यायला त्याने साफ नकार दिला होता. त्यात माणूस पासपोर्टवरच्यासारखा दिसतो म्हणे. त्याला आजोबांसारखा दगड हवा होता, त्यावर उभा माणूस, मोठ्या डोळ्यांचा, निळा कोट, लाल गाल. तुझं ते वाकडंतिकडं लोखंड बेलग्रेडवाल्यांना दे, मला माणूस कर, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या निळ्या-लाल दगडांकडूनच तर वेलिसाव सगळं शिकला होता. पुढे लोखंड वाकवलं, कॅनव्हास जाळले, परदेशात नेऊन टांगले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला की हाताने खोटं बोलायचं नाही, बाकी सगळं चालतं. आणि आता तीन दिवस तोच हात दादाला गेल्या वर्षीचे गाल देत होता. गोल, भरलेले. नजर समोरच्या माणसावरून घसरायची आणि आठवणीतल्या माणसावर जाऊन बसायची... बरी बसायची.

राडोयकोची बडबड चालूच होती. पलीकडच्या वाडीतल्या पेर्सिदा म्हातारीने दगडावर एकोणीस कधीचं कोरून ठेवलंय, आणि बाई नव्वदीतही ठणठणीत. म्हणते, एवढा चांगला दगड बिघडवण्यापेक्षा वेळेत मरते. सून मात्र शहाणी, तिने आकडे बुजवायला सिमेंट आणून ठेवलंय. सांगता सांगता तो हसला, हसता हसता त्याचा हात पोटाशी गेला, आणि कोटाचं बटण चाचपल्यासारखं करून त्याने तो परत मांडीवर ठेवला.

वेलिसावने ते पाहिलं, आणि पुडीवर फुंकर मारली.

"वेल्या."

"काय, दादा."

"तू लहान होतास ना, गायीचं चित्र काढायचं असो की कोंबडीचं, आधी एक डोळा बारीक करायचास. मग असा बघायचास की जनावरसुद्धा बिचकायचं. तीन दिवस झाले मी इथे बसलोय. माझ्याकडे तसं एकदाही बघितलं नाहीस."

मिरच्या उलटण्याचा आवाज थांबला. काहीतरी बोलायला हवं... लगेच बोलायला हवं, उशीर झाला की तेच उत्तर. धुरापलीकडे वहिनी चिमटा घेऊन उभी होती, आणि तिच्याकडे न बघताही तिची नजर त्याला मानेवर जाणवत होती.

"ऊन डोळ्यांवर येतं."

"आभाळ भरलंय," राडोयको म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बघ माझ्याकडे. आकड्यांचं मग बघू."

वेलिसावने मान वर केली. डोळा बारीक झाला — त्याने केला नाही, झाला. आणि दादाचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा समोर आला: कानशिलाखालचा खळगा, नांगरलेल्या रानातून खडक वर यावा तसं वर आलेलं गालाचं हाड, नाकाची धार, आणि ओठांभोवतीची ती आवळलेली रेघ, जी इतके दिवस हसण्याखाली दडली होती. रडू येईल, याच भीतीने तो बघायचं टाळत होता. रडू आलं नाही. आली ती बोटांतली खाज, जुनी, ओळखीची, खरा आकार दिसला की यायची ती. हाच चेहरा... जन्मभर मी लोखंडात खणत होतो तो हा, आणि तो आत्ता, रोगाने कोरून काढल्यावर... त्याला लाज वाटली. लाज वाटली तरी डोळा हटेना.

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि छिन्नी उचलून त्या गोल गालावर टेकवली. पहिला घाव पडला की दादाला उत्तर मिळेल, वहिनीलाही. हे त्याला समजत होतं. आणि त्याहून भयंकर हे समजत होतं की आता मनात ना शपथ होती ना दया, एकच धास्ती होती — दादाने हलू नये.