आधी सांगा, तुम्ही कोण?

मी चौथीच्या वर्गाचा दरवाजा बोलतोय. टेकायचंच असेल तर जरा हळू टेका, वरची बिजागरी दुखतेय.

जातीचा मी लोखंडी. एपिफानियो लोहारबाबांनी जुन्या पाण्याच्या टाकीच्या पत्र्यातून मला बेतलं आणि या प्राथमिक शाळेत आणून ठोकलं. दर सुट्टीत गावातले आईबाप जमून शाळा रंगवतात, आणि ज्याच्या घरी जो रंग उरलाय तो मला फासतात. सध्या मी वर पिवळा आणि खाली जांभळा आहे. मला विचारतो कोण?

पण रंगाचं सोडा. माझं खरं दुखणं म्हणजे या लोकांची सभ्यता. आमच्याकडे वर्गात मोठं माणूस आलं की सगळ्या पोरांनी ताडकन उठायचं आणि लांबलचक सुरात नमस्काऽऽर घालायचा. पाहुण्यानं "बसा बाळांनो" म्हणायचं, पोरांनी तसंच सुरात आभार मानायचे, मग बाकं करकरत बसायचं. जो उठत नाही त्याच्या आईचा उद्धार होतो. आणि माणसं तर दिवसभर येतच असतात. खाऊच्या दुकानातली चोले मावशी काकडीला तिखट किती लावू ते विचारायला येते. कुणाची तरी आई विसरलेला स्वेटर घेऊन येते. शिपाई फेर्मीनकाका तर काही काम नसलं तरी येतात.

या धबडग्यात सेनाइदा बाईंनी इंग्रजी शिकवायचं. त्यांनी सफरचंद वर धरून "अ‍ॅपल" म्हणायला तोंड उघडलं की टकटक झालीच म्हणून समजा.

त्यात उबाल्डो. हे कार्टं वात्रट म्हणून त्याला माझ्याजवळच्या बाकावर बसवलेलं. बाहेर चाहूल लागली रे लागली की तो मला लाथेनं उघडणार आणि नमस्काराचा सूर सगळ्यांत लांब ओढणार. सूर जितका लांब, तितकं इंग्रजी कमी, हे त्यानं पक्कं ओळखलेलं. माझ्या जांभळ्या भागातला पोचा त्याच्याच बुटाचा आहे.

एका गुरुवारी सकाळी हेडमास्तरांनी बाईंना माझ्यापाशीच गाठलं. म्हणाले, "आज शिक्षण खात्याच्या ओब्दुलिया मॅडम तपासणीला येतायत. पोरं चार शब्द इंग्रजीत बोलली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून हा तास झेंडावंदनाच्या बँडला जाणार. बघा बाई, माझ्या हातात काही नाही." बाईंची नेमणूक या तासापुरतीच होती. तास गेला की बाईही गेल्या.

तास सुरू झाला. टकटक, चोले मावशी, नमस्काऽऽर. टकटक, स्वेटरवाली आई, नमस्काऽऽर. बाईंनी सफरचंद टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता या रडणार.

"उबाल्डो, ऊठ," त्या म्हणाल्या. "तुला दार उघडायची फार हौस ना? मग आजपासून तू पहारेकरी. कुणीही आलं तरी विचारायचं, हू आर यू, व्हॉट डू यू वॉन्ट. इंग्रजीत उत्तर आल्याशिवाय आत घ्यायचं नाही, आणि तोवर कुणी उठायचंही नाही."

"हेडमास्तर आले तर?"

"तरीही."

इतकं सुख मी त्या पोराच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

पहिले अडकले फेर्मीनकाका. त्यांना कुठलं इंग्रजी यायला? ते बिचारे झाडू मारल्याचे हातवारे करू लागले. मग आतून पोरंच ओरडायला लागली, "काका, ब्रूम म्हणा! आय वॉन्ट ब्रूम!" जी पोरं वर्षभर मुकी होती, ती दुसऱ्याला शिकवायचं म्हटल्यावर एकमेकांपेक्षा मोठ्यानं ओरडत होती.

आणि मग ओब्दुलिया मॅडम आल्या.

"मी खात्याकडून..." त्यांनी सुरुवात केली.

"इंग्लिश, प्लीज," असं म्हणून त्या कार्ट्यानं मला त्यांच्या तोंडावर लावून घेतलं. बाहेर हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. आत बाई धावत पुढे आल्या, पण माझ्या कडीपाशी येऊन थांबल्या. हात कडीवर होता. त्यांनी मला उघडलं नाही.

पुन्हा टकटक झाली. "आय अ‍ॅम ओब्दुलिया," बाहेरून आवाज आला. "आय वॉन्ट..." पुढचा शब्द काही सुचेना.

"चेअर, मॅडम! चेअर!" आतून सगळा वर्ग.

"आय वॉन्ट चेअर."

"प्लीज," उबाल्डोनं बजावलं.

"प्लीज."

तेव्हा कुठे मी उघडलो. वर्ग उठला आणि गुड मॉऽऽर्निंगचा सूर पार मैदानापर्यंत गेला. मॅडम मात्र उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. चेहरा कडक ठेवून त्यांनी उबाल्डोला विचारलं, "अँड हू आर यू?"

त्यानं छाती पुढे काढली. "आय अ‍ॅम द डोअर."

मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या आणि तास संपेपर्यंत बसल्या. जाताना हेडमास्तरांना म्हणाल्या, "बँडसाठी दुसरा तास बघा."

सगळे खूष. बाईंना तर मधल्या सुट्टीत एकटीनं रडायचं होतं, ते त्या मलाच टेकून रडल्या. पण माझं काय? ऊन, पाऊस, पोचे, उरलेसुरले रंग खाल्ले मी, आणि दरवाजा म्हणून मिरवलं कुणी, तर त्या वात्रटानं. वर आता जो तो माझ्यापुढे उभा राहून, मला धरून, आत शिरायच्या आधी इंग्रजी घोकतो. बिजागरी आणखीच दुखते. कुणी तेलाचे दोन थेंब टाकलेत तर उपकार होतील.

एक मात्र झालं. त्या दुपारी शाळा सुटल्यावर उबाल्डो शेवटी निघाला. सवयीनं त्यानं पाय उचलला, मी डोळे मिटून घेतले. पण लाथ बसलीच नाही. पोरगा थबकला, पाय खाली ठेवला आणि मला दोन्ही हातांनी हळूच लावून घेतलं.

स्वतःलाच कोण लाथ मारतं?