जेलरसाहेबांना मूलबाळ नव्हतं

सोमवारी सकाळी अकरा वाजता ठरलं, की सात वर्षांनी जेलरसाहेब परत येणार. नटाने करारावर सही केली, निर्मात्याने त्याला मिठी मारली, फोटोवाल्याने दोघांना हसायला लावलं. छान झालं. आता हे विसरा. असं काही घडलंच नाही. सोमवारी नट घरीच होता, त्याचं पोट बिघडलं होतं. सगळे हेच सांगतात. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगा.

तर, जे घडलं नाही ते असं.

अकरा वर्षं नटाने टीव्हीवरच्या मालिकेत जेलरसाहेब केले. दूधवाला त्याला सॅल्यूट ठोकायचा, भुरटे चोर त्याला पाहून रस्ता ओलांडायचे. पण मालिकेचा खरा कणा होत्या वहीवाल्या मावशी. कप कुठल्या हातात होता, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, हे सगळं त्या वहीत टिपायच्या, खुर्च्या-टेबलांचे फोटो काढायच्या. म्हणजे पुढचा तुकडा दोन महिन्यांनी घेतला तरी जोड दिसू नये. अकरा वर्षांत त्यांची एक चूक नाही. त्यांच्यापुढे दिग्दर्शकाचंसुद्धा मांजर व्हायचं.

आणि वहीत जे चढायचं, ते हळूहळू नटाच्या घरी उतरायचं. जेलरसाहेब डाव्या पायाने लंगडायचे. वर्षभरात नटाचाही गुडघा धरला. डॉक्टर म्हणाला, "जुनं दुखणं आहे. लहानपणी झाडावरून पडला होतात ना?" नट जन्मात झाडावर चढला नव्हता. जेलरसाहेबांना दोन धाकटे भाऊ. नट आईबापांचा एकुलता एक. तिसऱ्या वर्षी एका रविवारी दोन गृहस्थ आले, "काय दादा!" म्हणाले, बूट काढून सरळ मोरीत शिरले आणि गळका नळ दुरुस्त करून बाहेर आले. बायको म्हणाली, "भावजी, जेवूनच जा." तेव्हापासून येतात. माणसं चांगली आहेत, नळही गळत नाही. तक्रार करायची तरी कसली?

जेलरसाहेबांना मूलबाळ मात्र नव्हतं. मालिका त्यावरच चालायची. दर चार भागांनी साहेबांची बायको खिडकीशी उभी राहून म्हणायची, "आपल्याला कोणी नाही हो," की घरोघरी रुमाल निघायचे. वहीतल्या 'अपत्ये' या रकान्यात मावशींनी शाईने रेघ मारली होती. नटालाही त्या अकरा वर्षांत मूल झालं नाही. मालिका बंद पडली आणि दहाव्या महिन्यात ठकी झाली. काय समजायचं ते समजा.

सोमवारी सही करून तो घरी आला, तर टेबलावर दोनच ताटं.

"ठकी कुठंय?"

"कोण?" बायको म्हणाली. तिच्या हातात एक इवलासा पायमोजा होता. तो तिने उलटासुलटा करून पाहिला आणि त्या मोज्यानेच आपला चष्मा पुसला.

टेबलाखालून ठकीने डोकं काढलं. "बाबा, आई मगाचपासून माझ्याशी बोलतच नाहीये. आमचा खेळ चाललाय का?"

"हो," नट म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी सकाळी पोरीला कडेवर घेऊन त्याने स्टुडिओ गाठला. मावशी जेलरच्या कचेरीत खुर्च्यांचे फोटो काढत होत्या.

"मावशी, ही माझी मुलगी. वहीत लिहा."

"कुठली?"

"ही काय!"

"हे बघ बाबा, मी डोळ्यांनी बघते तेच लिहिते. कुणाच्या सांगण्यावरून आजवर बटणसुद्धा लावलं नाही."

नटाने ठकीला साहेबांच्या खुर्चीवर बसवलं. "मग काढा फोटो."

मावशींनी कॅमेरा लावला. ठकीने जीभ बाहेर काढून दाखवली. फोटो निघाला, हवेत हलवला, सावकाश उमटला. रिकामी खुर्ची. मागे किल्ल्यांचा जुडगा.

मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "उशी जरा दबलेली दिसतेय," त्या पुटपुटल्या. "सोमवारी दबलेली नव्हती." आणि उशी सारखी करायला दोन्ही हात पुढे करून त्या खुर्चीकडे निघाल्या.

नटाने पोरीला उचललं ते थेट निर्मात्याच्या खोलीत. कराराच्या दोन्ही प्रतींचे त्याने निर्मात्याच्या डोळ्यांदेखत तुकडे केले.

"अरे, वेड लागलंय का तुला? लोकांना काय सांगू?"

"पोट बिघडलं म्हणा. नाहीतर जेलरला एक मुलगी द्या, आत्ता सही करतो."

"मुलगी दिली तर लोक रडतील कशावर? तुझ्या गुडघ्यावर?"

घरी पोचल्यावर बायकोने दारातच झापलं, "उन्हातान्हाची कुठे फिरवताय पोरीला? तोंड बघा तिचं, सुकून गेलंय!" नटाला इतकं गोड बोलणं आजवर कुणी बोललं नव्हतं. ताटं तीन होती.

पण निर्माता कच्च्या गुरूचा चेला नव्हता. नवे भाग नाहीत तर नाहीत. त्याने जुनेच दाखवायला घेतले, रोज दुपारी दीड ते दोन. तेव्हापासून रोज दीडला बायको हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहते. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली: आपली मुलगी दीडला बाकावर नसते, दोनला असते, मधे दारातून जाता-येताना तिला कुणीही पाहिलेलं नाही, तरी पालकांनी समज द्यावी. नटाने समज दिली. ठकी म्हणाली, "मी कुठेच जात नाही बाबा. फक्त तिथे मी नसते."

रविवारी शाळा नसते. त्या दिवशी सकाळी नटाने ठकीच्या पायांत चपला घालून तिला घरभर पळवलं, मग अर्ज लिहायला बसला.

प्रति, प्रक्षेपण विभाग. विषय: पूर्वप्रक्षेपित भागांत किरकोळ दुरुस्ती करणेबाबत. महोदय, सदर मालिकेच्या एकूण अकराशे चाळीस भागांत जेथे जेथे "आपल्याला कोणी नाही" असे वाक्य आले आहे, तेथे तेथे त्या वाक्यानंतर आतल्या खोलीतून लहान मुलीच्या चपलांचा आवाज घालण्यात यावा. आवाज चार सेकंदांचा असून सोबत जोडला आहे. हे नियमात बसत नसल्यास, वहीतील 'अपत्ये' या रकान्यात मारलेली रेघ निदान पेन्सिलीची आहे असे समजण्यात यावे, ही विनंती.