पलंग सोडून

जुन्या फर्निचरची आणि सजवलेल्या खोल्यांची चित्रं काढणं हा माझा धंदा. कोरीव कपाटं, गुबगुबीत खुर्च्या, नक्षीच्या चौकटीतले आरसे. खोलीतल्या वायरी, पंखे, औषधांच्या बाटल्या मी चित्रातून बिनदिक्कत उडवते. आजवर कुणाची तक्रार नाही. या घरात मात्र माझी पाचावर धारण बसली, कारण या खेपेला उडवायचं होतं ते चक्क एक माणूस होतं.

"बैठकीच्या खोलीचं चित्र हवंय," घरातल्या काकूंचा मुलगा म्हणाला होता, "आईचा पलंग सोडून." जिना चढवेना म्हणून काकूंचा लोखंडी पलंग याच खोलीत, मोठ्या शिसवी कपाटाला लागून ठेवलेला. काकू दिवसभर त्यावर. मी त्यांच्या समोर बसून त्यांनाच वगळायचं! तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, आता बसा कुढत.

त्यात आणखी एक आफत. पलंग वगळला की त्याच्यामागे काय आहे ते दाखवावं लागतं, आणि कपाटाची खालची दारं तर पलंगानं पार झाकलेली. मुलाला विचारलं, तर म्हणे, "काहीतरी वेलबिल आहे, दाखवा कसंतरी." कसंतरी! मी कसंतरी काही करत नाही. शेवटी काकूंनाच विचारलं.

"मागचं होय?" काकू एकदम खुलल्या. "डाव्या दारावर द्राक्षांचा वेल, उजव्या दारावर पोपट. मान वळवून द्राक्षांकडे बघतोय मेला. आणि घडातलं खालचं द्राक्ष मोडलंय बरं का." डोळे मिटून त्या बोटानं हवेत वेल काढून दाखवत होत्या. मी भराभरा उतरवून घेत होते आणि मनात म्हणत होते, विचारू नका, कशाला हवंय ते तेवढं विचारू नका.

विचारलं नाही. पण चित्र पुरं झालं तशा म्हणाल्या, "बघू दे की."

"अजून ओलं आहे, काकू."

"मी काय चाटणारे का?"

मुलगा दारातच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो छताकडे बघायला लागला. शहाणाच! मी कागद काकूंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. पोपट बघितला, आरसा बघितला, खुर्च्या एकेक करून बघितल्या. त्या स्वतः जिथं बसल्या होत्या, तिथं चित्रात नुसती चकचकीत फरशी होती. 'चित्रात अशीच पद्धत असते' एवढं वाक्य मी जिभेवर तयार ठेवलं होतं.

त्यांनी मला काही विचारलंच नाही. मान वर करून मुलाला म्हणाल्या, "मला कुठं ठेवणार आहेस?"

"अहो, हे नुसतं चित्र..." मी मध्येच तोंड घातलं. त्यानं फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आई, काहीतरीच काय! म्हण ना रे बाबा, म्हण लवकर.

"तिथं नर्स असते, आई," तो म्हणाला. "रात्रंदिवस."

मला वाटलं होतं, जागा फक्त कागदावर मोकळी करायची आहे.

काकू चित्राकडे बघत राहिल्या. मग नेहमीच्याच आवाजात मला म्हणाल्या, "द्राक्ष मोडकं दाखवलंस, बरं केलंस. यानंच चेंडू मारून मोडलं होतं. याचे वडील पट्टा घेऊन उठले, तेव्हा मी सांगितलं, माझ्या हातून मोडलं."

मुलगा पलंगाशी येऊन गुडघ्यांवर बसला आणि मागच्या फटीत हात घालून कपाटाचं दार चाचपायला लागला. हात द्राक्षापर्यंत पोचत नव्हता, तरी चाचपत राहिला.

नेऊ नको, असं काकू म्हणाल्या नाहीत. नेणार नाही, असं तोही म्हणाला नाही. माझा जीव तसाच टांगणीला. मी फळीवर नवा कागद लावला आणि आधी पलंगाचे पाय रेखाटले, मग पलंगावर बसलेल्या काकू.