दुसरी वेलांटी

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं शेवटपर्यंत लपवलं.

आमच्या घरात एक बँड आहे. घरात म्हणजे खरोखर घरात. ड्रम गॅरेजमध्ये, स्पीकर जिन्याखाली, आणि वायरी कुठे नाहीत ते विचारा. गाणारे आमचे हे. गिटार वाजवणारे आणि गाणी लिहिणारे ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी. ड्रमवर ठोक्या, जो जेवताना ताटावरसुद्धा ताल धरतो. बेस गिटारवर कंपाउंडर, कारण त्यानं तीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या. बँडला चाळीस वर्षं झाली. ह्या प्रकाराला रॉक म्हणतात. माझ्या सासूबाई नुसतं 'ते' म्हणायच्या. "ते चालू आहे की थांबलं एकदाचं?"

बँडमध्ये मला दोन कामं. एक, भाऊजींच्या वहीतली गाणी टाइप करून देणं, कारण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दुसरं, कार्यक्रमाच्या वेळी हॉलबाहेर टेबल मांडून रेकॉर्डी आणि टी-शर्ट विकणं. त्यामुळे आत वाजवणाऱ्यांना जे कळत नाही ते मला कळतं. लोकांना ह्यांची पहिली चार गाणी हवी असतात. "आता एक नवीन गाणं," असं हे म्हणाले रे म्हणाले, की दार उघडायचं आणि निम्मी जनता बाथरूमकडे. नवीन म्हणजे तरी काय, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं! मला अस्सा राग यायचा. एकदा तर एका माणसाला मी हाताला धरून परत आत पाठवलं होतं.

दार उघडायचं नाही असं नंतरच्या गाण्यांत एकच होतं, 'तू थांबलीस'. त्या पाच मिनिटांत बाहेर फक्त मी आणि डोक्यावरचा पंखा.

यंदा रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. तुमची जुनी गाणी सगळ्यांकडे आहेत, आता गेल्या वीस वर्षांतली निवडक बारा काढू. सोबत शब्दांची पुस्तिका छापू. आणि बारापैकी एक गाणं नव्यानं रेकॉर्ड करा. पत्र वाचून ठोक्या गॅरेजमध्ये नाचला, ह्या वयात. पण त्या पत्राचं आम्हाला जे अप्रूप होतं त्याचं खरं कारण कुणी बोललं नाही. भाऊजींची बोटं आखडत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा-आठ महिने, फार तर. मग गिटार भिंतीवर. म्हणजे दोघा भावांची ही शेवटची रेकॉर्ड.

मी चौघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, एकेक कागद दिला. बारा गाणी लिहा, एकमेकांचं बघायचं नाही. साठी ओलांडलेली माणसं, पण ठोक्यानं कंपाउंडरच्या कागदात डोकावलंच.

याद्या बघून मी कपाळावर हात मारला. ठोक्यानं ज्यात ड्रम जास्त ती गाणी लिहिली होती. कंपाउंडरनं साडेतीन मिनिटांच्या आतली, कारण त्याची कंबर त्यापुढे उभी राहत नाही. आमच्या ह्यांनी वरचा सूर नसलेली. पण तिघांच्याही यादीत पहिलं नाव एकच, 'तू थांबलीस'. भाऊजींच्या कागदावर अकरा गाणी होती आणि खाली लिहिलं होतं, "बारावं कुठलंही घ्या. 'थांबलीस' नको."

"नको म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"नको म्हणजे नको."

"अरे, पण कारण काय?"

"काही नाही, दादा. नको इतकंच."

ठोक्या लगेच सुटला. "ती भेटली की काय पुन्हा? आता तरी नाव सांग लेका. नातवंडं झाली असतील तिला."

ह्या 'ती'चा छडा आम्ही अठरा वर्षं लावत होतो. भाऊजींनी लग्न केलं नाही, आणि आयुष्यात प्रेमाचं गाणं लिहिलं ते हे एकच. मग कोण थांबली होती ह्यांच्यासाठी? मला वाचनालयातल्या बाईंचा संशय होता. मी त्यांना दोनदा चहाला बोलावलं. तिसऱ्यांदा त्या नवऱ्याला घेऊन आल्या. भाऊजी सगळं चिडवणं हसून घालवायचे. त्या दिवशी मात्र हसले नाहीत. चपला घातल्या आणि निघून गेले.

आमचे हे भांडत नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. हे मिटतात. दोन दिवस मिटून राहिले आणि तिसऱ्या दिवशी दाढी करता करता आरशातल्या मला म्हणाले, "नंतरच्या गाण्यांत तेवढं एक मी बरं गायलोय."

"बरं काय, छान गायलाय."

"मग त्याला ते आवडलं नाही. अठरा वर्षं बोलला नाही, आता शेवटी सांगून टाकलं. मी गायलेलं त्याला नको आहे. मग रेकॉर्डच नको."

मी समजावलं, ओरडले, एक वेळ भाजी मुद्दाम अळणी केली. ढिम्म! सराव बंद पडला. एक आठवडा गेला, दुसरा लागला. भाऊजींची बोटं काही कुणाच्या रुसव्यासाठी थांबणार नव्हती. हे दोघे असेच राहिले, एकमेकांचं तोंड न बघता, तर पुढे ज्याच्या त्याच्या घरात बसून रडतील, आणि ते मला बघावं लागेल.

पुस्तिकेचं काम मी तेवढ्यानं थांबवलं नव्हतं. आज ना उद्या वितळतील, म्हणून भाऊजींच्या जुन्या कागदांची फाइल काढून शब्द ताडून बघत होते. त्यात तो कागद निघाला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कोंबडीचे पाय असले तरी स्पष्ट होतं. 'तू थांबलास.'

ली नाही, ला. आणि खाली, तिसऱ्या कडव्यात,

सगळे म्हणाले, जागा भरून टाक.
रिकाम्या जागेशेजारी
तू उभा राहिलास.

उभा. मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हे टाइप करत होते. शेजारणीला हसून दाखवलं होतं. प्रेमाचं गाणं, बाईला उद्देशून, आणि हा बाबा लिहितो 'उभा राहिलास'! भाऊजींच्या लिखाणात 'गाडी आला' सुद्धा सापडतं. दुसऱ्याच्या कागदावर चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. 'थांबलास'च्या 'ला'चा काना काढून दुसरी वेलांटी दिली, 'उभा राहिलास'चं 'उभी राहिलीस' केलं आणि सुधारलेला कागद ह्यांच्या हातात ठेवला. शहाणी! मी ध चा मा केला होता.

कारण रिकामी जागा कुठली, ते मला माहीत होतं. मला नाही तर कुणाला? माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी भाऊजी घर सोडून गेले होते. एका मोठ्या बँडनं त्यांना बोलावलं, दादाशी कडाक्याचं भांडण झालं आणि गिटार उचलून गेले. ह्यांना दुसरा गिटारवाला घ्या म्हणून सगळे सांगत होते. एक चांगला माणूस दारात येऊन उभा राहिला, त्यालाही ह्यांनी चहा पाजून परत पाठवलं. अकरा महिने बँड तिघांनीच वाजवला. स्टेजवर ह्यांच्या डावीकडची जागा मोकळी, लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे. हे तसेच गायचे. मग त्या मोठ्या बँडनं भाऊजींना काढून टाकलं आणि ते एका दुपारी परत आले, दाढी वाढलेली, मान खाली. हे एवढंच म्हणाले, "तारा गंजल्यात. बदल." त्यावर पुढे दोघांत कधी एक अक्षर नाही. मला वाटायचं, विसरले असतील. पुरुष विसरतात.

कागद पर्समध्ये घातला आणि भाऊजींच्या दुकानात गेले. वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. एका सतारीचा भोपळा डिंक लावून दाबून ठेवला होता, आणि भाऊजी उजव्या हाताची बोटं गरम पाण्यात बुडवून बसले होते. मी कागद समोर ठेवला.

त्यांनी बघितला.

"भाऊजी, चूक माझी झाली," मी म्हटलं, आणि मला हुंदका आला. "पण तुम्हाला तोंड नव्हतं का? अठरा वर्षं मूग गिळून बसलात!"

"रेकॉर्डिंगला दादानं पहिली ओळ गायली, तेव्हा सांगणार होतो," ते म्हणाले. "पण सगळे म्हणाले, वा, प्रेमाचं गाणं! दादा इतका खूश झाला. मग कसं सांगणार, की हे तुझ्यासाठी आहे? लिहिता आलं, वहिनी. तोंडानं नाही आलं."

"मग आता नको का म्हणता?"

"ही शेवटची आहे. शेवटच्या रेकॉर्डवर तरी ते चुकीचं नको. त्यापेक्षा नसलेलं बरं." पाण्यातून हात काढून त्यांनी टॉवेलला पुसला. "दादाला सांगू नका. ओशाळेल. शपथ घ्या."

घेतली. एक शब्द बोलणार नाही म्हटलं. आणि घरी येऊन दोघांनाही थोडं थोडं खोटं सांगितलं. ह्यांना म्हटलं, भाऊजी तयार आहेत, पण नव्यानं रेकॉर्ड करायचं ते हेच गाणं असेल तर. भाऊजींना निरोप पाठवला, दादाला एकदा गाऊन बघायचंय, मग हवं तर टाकून द्या. पाप लागलं असेल तर लागू दे.

स्टुडिओ म्हणजे एक बुटकी खोली, भिंतींना जाड फोम, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्या बाई. सकाळची वेळ. दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचं ते ठोक्यामार्फत बोलत होते. मी ह्यांच्या पुढ्यातल्या स्टँडवर कागद ठेवला. टाइप केलेला नाही, तो कागद. आणि कोपऱ्यात जाऊन बसले. शब्द बोलले नाही, शपथ म्हणजे शपथ.

ह्यांनी चष्मा लावला. भाऊजींनी सुरुवात वाजवली, जरा सावकाश, बोटं जपून. हे गायला लागले आणि पहिल्याच ओळीशी अडखळले. "थांब... हे काय? काना पडलाय इथे."

ह्यांनी कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत मनात वाचला, मग पुन्हा वरपासून. तिसऱ्या कडव्याशी त्यांचा अंगठा थांबला. चष्मा काढला. भाऊजी गिटारची खुंटी पिळत होते, सुरात असलेली.

"हे असंच लिहिलं होतंस?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो, दादा."

काचेपलीकडून बाईंनी विचारलं, "काका, पुन्हा घ्यायचं का?"

"हे मला नाही गाता येणार," हे म्हणाले.

भाऊजींचा चेहरा पडला. "म्हणूनच मी नको म्हणत होतो."

"अरे गाढवा!" हे केवढ्यानं ओरडले! "मी कसं गाऊ? मीच मला सांगू होय? तू गा!"

"मी? माझा आवाज..."

"तुझा आवाज कसा आहे ते मला माहितीये. गा."

आणि ह्यांनी डोक्यावरचे हेडफोन काढून भावाच्या डोक्यावर घातले, केस नीट करून. माइक खाली ओढून त्यांच्या तोंडाशी आणला. ठोक्याजवळचं स्टूल घेतलं आणि समोर बसले. चाळीस वर्षांत ह्यांना मी गाणं चालू असताना बसलेलं बघितलं नव्हतं.

भाऊजी गायले. आवाज फाटका, दुसऱ्याच ओळीला सूर सुटला, एका जागी बोट तारेवरून घसरलं. 'उभा राहिलास'ला ते थांबले, श्वास घेतला आणि भावाकडे बघून ती ओळ म्हटली. ह्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मला हा माणूस त्या क्षणी इतका आवडला, की उठून जवळ जावंसं वाटलं. पण खुर्ची करकरते, म्हणून बसून राहिले.

शेवटी तीच ओळ. तू थांबलास. तार अजून घुमत होती तेवढ्यात हे म्हणाले, घोगऱ्या आवाजात, "मग? जाणार कुठे होतो मी?"

रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी काचेवर टकटक केलं. "काकांचा आवाज आत आलाय. शेवट पुन्हा घेऊ या."

"नको," भाऊजी म्हणाले. "राहू दे. इतकी वर्षं मला तेवढंच ऐकायचं होतं."