जुन्या बोर्डाची सोडचिठ्ठी

साहेब, तुमच्या कृषी कार्यालयाच्या तक्रार केंद्रातला कॉम्प्युटर विजेच्या झटक्यानं गेला असं तुम्ही वर लिहून कळवलंत. ते खोटं आहे. तो तुम्ही मरू दिला. आतल्या मदरबोर्डावरचे कॅपॅसिटर फुगलेत, बोर्ड कधीही जाईल, म्हणून केंद्रात टायपिंग करणाऱ्या साधनानं तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर पोच म्हणून तुमचीच सही आहे. आणि बोर्ड बंद पडल्यावर तुमचा हुकूम काय? नवा बोर्ड टाका, फॉरमॅट मारून डिस्क पुसा, कोरी सुरुवात करा.

कोरी सुरुवात कुणाला हवी होती, ते अख्ख्या मारेगावाला ठाऊक आहे.

त्या कॉम्प्युटरात दोनशे बारा तक्रारी होत्या. दोन हजार सहाच्या जूनमध्ये कपाशीचं बियाणं उगवलं नाही म्हणून अकरा गावांच्या लोकांनी साधनाकडून टाइप करून घेतलेल्या. तारीख प्रोग्राम स्वतः टाकायचा. पेरणीपासून महिनाभरात तक्रार नसेल तर पंचनामा नाही, असा तुमचा नियम. आणि आता ऑगस्ट लागला होता, नव्यानं तक्रार द्यायची मुदत गेली होती. नुसत्या फाइली दुसऱ्या मशीनवर नेल्या तर उघडत नव्हत्या. प्रोग्रामची सीडी तुमच्या कपाटात, आणि कपाटाची चावी म्हणे हरवली. दुपारी तीनच्या बैठकीत तुम्ही वाचणार होता, ‘एकही तक्रार नाही.’

सकाळी साधनानं नवा बोर्ड लावून जुनी हार्डडिस्क जोडली. निळा पडदा आला, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाली, पुन्हा निळा पडदा. यवतमाळच्या मेकॅनिकला फोन केला तर तो हसला. "मेल्या म्हशीची धार काहून काढून राह्यल्या, ताई? फॉरमॅट मारा न."

बाकावर पुंडलिकराव बसले होते, तक्रार नंबर एकशे त्रेचाळीस. "झालं का व पोरी?"

"नाई काकाजी. डिस्क अजून जुन्याच बोर्डाची बोली बोलते. नव्या घरी तिचं कोणाले समजत नाई. जुन्याकडून सोडचिठ्ठी घ्या लागते."

"मेलेल्याकडून?"

"पुरता नाई मेला. थंड असला की चार-पाच मिनिटं चालते, मंग अटकते."

तिनं जुना बोर्ड टेबलावर उघडाच मांडला आणि डिस्क परत त्याला जोडली. साडेदहा झाले होते, अकरा ते पाच लोडशेडिंग. पहिल्या खेपेला पडदा यायच्या आतच बोर्ड अटकला. दुसऱ्या खेपेला हवी ती खिडकी उघडली आणि माउसचा बाण जागीच थिजला. पुंडलिकराव उठले, पिशवीतून बियाण्याचं रिकामं खोकं काढून फाडलं आणि त्या पुठ्ठ्यानं बोर्डाला वारा घालू लागले. पुठ्ठ्यावर बोंडांनी वाकलेलं झाड छापलेलं.

"काकाजी, हा तं पुरावा होता न?"

"अजून दोन हायेत घरी. उगवलं नाई, त वारा तरी घालू दे त्याले."

तिसऱ्या खेपेला साधनानं माउसला हातच लावला नाही, सगळं कीबोर्डवरून. डिस्कचा ड्रायव्हर खास जुन्या बोर्डाचा होता. तो काढून कोणत्याही बोर्डावर चालणारा साधा ड्रायव्हर लावायचा, एवढंच काम. विंडोज पुसायची गरज कधी नव्हतीच, साहेब. मशीननं विचारलं, पुन्हा सुरू करू का? ती नाही म्हणाली आणि सरळ बंद केली. आता सुरू व्हायचं ते नव्या बोर्डावरच.

डिस्क नव्या बोर्डाला जोडली. विंडोजची पट्टी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. पुंडलिकराव रिकाम्या हवेलाच वारा घालत होते. मग पडदा उघडला. हार्डवेअर बदललंय, तीन दिवसांत पुन्हा नोंदणी करा, अशी सूचना आली. तीन दिवस कुणाला हवे होते? प्रिंटर करकरायला लागला. वीज गेली तेव्हा दोनशे सात नावं तारखांसकट कागदावर होती.

तीन वाजता तुम्ही अहवाल वाचलात. साधनानं यादी तुमच्यापुढं ठेवली.

"कॉम्प्युटर तर बंद होता," तुम्ही म्हणालात.

"चालू हाय. फॉरमॅट नाई मारला. उरलेली पाच नावं वीज आल्यावर देते," साधना म्हणाली.

पुंडलिकरावांनी एकशे त्रेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. "एकोणीस जून. माह्या वावरात कोणी काहून नाई आलं, साहेब? तोंडी नोका सांगू. यादीखाली जागा सोडली हाय, तिथंच लिहून द्या."